आप्पांची वही आणि काट्यावरचं बाळ

किराणा दुकान बंद करायचंय असं आप्पा, माझे वडील, गेली दोन वर्षं म्हणत होते, या गणपतीनंतर खरंच ठरलं. गुडघे गेलेत, पोतं उचलवत नाही, आणि महिन्याचं सामान एकदम भरणारी गिऱ्हाइकं कधीच मोठ्या दुकानांकडं गेली, आता उरलेत ते रोजचं रोज घेणारे आणि उधारीवाले. तर एका रविवारी मला म्हणाले, तू लोकांचे हिशेब लिहितीस ना, मग आपला पण लिही, कुणाकडनं किती येणं आहे ते एकदा काढून दे. मी टॅक्सवाल्याच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम करते, मला वाटलं दोन तासांचं काम आहे. तीन रविवार गेले.

आमचं दुकान म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या आतल्या बाजूला, दहा बाय बाराची खोली. आजूबाजूला पॉवरलूम, दिवसभर खटखट खटखट, लहानपणी लाईट गेली की ती खटखट थांबायची आणि त्या शांततेनं मला झोपेतनं जाग यायची. लूमवर पुरुष, चादर आणि टॉवेल. आणि घराघरात बायका, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, विड्या. बहुतेक घरं तेलुगू बोलणारी, आमच्या घरी कानडी-मराठीची सरमिसळ, आणि दुकानात सगळ्यांची मिळून एक चौथीच भाषा.

आप्पांच्या वहीत कुणाचंच नाव नाही. "टाकीजवळची", "नवी सून", "चष्मेवाला", "गल्ली 3 अक्का". नव्या सुनेला आता दोन पोरं आहेत तरी वहीत ती नवी सूनच. मी ऑफिसच्या सवयीनं प्रत्येकीचं एक पान करून तारखेनुसार लिहायला लागले, आणि लिहिता लिहिता जे दिसायला लागलं ते येणं-बाकी नव्हतंच, ते त्या घरांचं ताट होतं.

म्हणजे बघा. लूमचा पगार आठवड्याला होतो. पगाराच्या दिवशी वहीत तूरडाळ अर्धा किलो, तेल पाव लिटर, कधी चार अंडी, शेंगदाणे. (सुट्टं तेल विकणं नियमात बसत नाही हे मला माहितीय, आप्पांना नका सांगू.) दोन दिवसांनी डाळ शंभर ग्रॅम. मग फायनान्सवाल्यांच्या कर्जाच्या हप्त्याचा दिवस येतो, गल्लीतल्या बायकांचा ग्रुप असतो, एकीनं नाही भरलं तर बाकीच्यांनी भरायचं, त्यामुळं हप्ता चुकत नाही, काहीही झालं तरी चुकत नाही, आणि त्याच्या आदल्या दिवशीच्या ओळी सगळ्या पानांवर सारख्याच. चहापत्ती 5. साखर 10. बिस्किट 5. एवढंच. तेल नाही, डाळ नाही. मला आधी वाटलं आप्पा लिहायला विसरले असतील, पण सहा महिन्यांची पानं उलटली तरी हेच. त्या दिवशी त्या घरात चहा आणि रेशनचा भात. आणि त्या घरात वर्ष-दीड वर्षाचं पोर असेल तर ते बिस्किट त्याच्यासाठी, चहात बुडवून.

आता हे वाचून कुणीतरी म्हणणारच की पाच रुपयांच्या बिस्किटापेक्षा पाच रुपयांचे शेंगदाणे का नाही देत, ज्ञानच नाही या लोकांना. मी पण म्हणायची. आमच्याकडं शेंगदाण्याची चटणी जगप्रसिद्ध, जिल्ह्यात मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, तिला जीआय टॅग, आणि पोरं बिस्किटावर, हे काय गणित आहे. तर गणित मला काट्याच्या प्रसंगात कळलं.

पाच-सहा वर्षं झाली असतील. दुकानाच्या मागच्या बोळात अंगणवाडी भरते, एका भाड्याच्या खोलीत. तिथला वजनकाटा बिघडला होता आणि नवीन यायचा तेव्हा येणार होता. महिन्याची वजनं तर रजिस्टरला लिहायची असतात, म्हणून अंगणवाडीच्या ताई पोरं घेऊन सरळ आमच्या दुकानात आल्या, आप्पा, जरा तुमचा काटा द्या की. आप्पांनी काट्याचं ताट फडक्यानं पुसलं, वर टॉवेल अंथरला, काटा शून्यावर आणला आणि एकेक बाळ त्याच्यावर. ज्या ताटात गूळ मोजतो त्याच ताटात. मी माझ्या पोराला घेऊन माहेरी आले होते, मजा म्हणून बघत उभी राहिले. गल्ली 3 अक्काची मुलगी आली, चौदा महिन्यांची. आकडा आला 6 किलो 400.

ताईंनी आप्पांकडं बघितलं, आप्पांनी काट्याकडं. काट्यात फरक असेल म्हणून आप्पांनी पाच किलोचं वजन ठेवून बघितलं, बरोबर पाच. परत मुलगी ठेवली, 6 किलो 400. त्या वयाच्या मुलीचं वजन नऊ, साडेनऊ किलोच्या आसपास असायला पाहिजे, ताई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतनं ती कागदी पट्टी काढली, दंडाला गुंडाळायची, लाल-पिवळा-हिरवा रंग असलेली. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेलं की लाल. लाल आलं.

आणि कडेवर माझा मुलगा, त्याच वयाचा, अकरा किलो, गालाला हात लावला तर बोट रुतेल असा. मला तिथनं निघून जावंसं वाटलं, खरं सांगते.

ताई अक्काला समजावत होत्या. दिवसातनं चार-पाच वेळा थोडं थोडं भरव, मऊ भातात डाळ घाल, वरनं चमचाभर तेल घाल, पोट एवढंसं असतं गं त्यांचं, एकदम जास्त मावत नाही. अक्का सगळं ऐकून घेत होती. मान हलवत होती. मग म्हणाली, "ताई, मला माहित नाय का. बसून भरवलं तर खाती ती. पण एका टायमाला अर्धा तास जातंय. अर्ध्या तासाला पन्नास विड्या होत्यात."

गणित कळलं ते हे. चार वेळा अर्धा अर्धा तास म्हणजे दोन तास, म्हणजे दोनशे विड्या, आणि हजार विड्यांवर मजुरी मिळते तिथं दोनशे विड्या म्हणजे दिवसाचा पाचवा हिस्सा. म्हणजे डाळ घालून भरवायचं तर वेळ पाहिजे, आणि वेळ दिला तर डाळीचे पैसे गेले. बिस्किट पोर स्वतः धरून खातं, आईचा एक मिनिट जात नाही. मी त्यांच्या घरी नंतर गेले होते तेव्हा बघितलं, झोळी बांधलेली, झोळीची दोरी अक्काच्या पायाच्या अंगठ्याला, पायानं झोका आणि हातानं विडी, पान-तंबाखू-दोरा, मान वर नाही. सगळं घर तंबाखूच्या वासात. त्या मुलीच्या वेळी पोटुशी असतानाही शेवटच्या आठवड्यापर्यंत हेच चालू होतं, आणि जन्माला आली तेव्हाच दोन किलोच्या आत. अडीच किलोच्या खाली जन्मलेलं पोर म्हणजे मुळात मागनं सुरुवात, त्यात आईचं स्वतःचं वय तेव्हा एकोणीस, ही दुसरी, पहिला मुलगा दोन वर्षांचा. म्हणजे लग्न कधी झालं असेल ते तुम्हीच काढा. हे काय एका गल्लीतलं नाही, आपल्या महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांमधे अठराच्या आत लग्न झालेल्या जवळजवळ 22 टक्के निघाल्या होत्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019-21 च्या.

ती पाहणी मी एका रात्री फोनवर वाचत बसले होते, पोर झोपल्यावर. हिशेबवाल्या बाईला आकडे दिसले की ती थांबत नाही. राज्यातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानानं उंचीत कमी, 36.1 टक्के वजनात कमी, आणि उंचीच्या मानानं वाळलेली 25.6 टक्के. म्हटलं आधीची पाहणी बघूया, 2015-16 ची. तिच्यातही 25.6. पॉइंटनंतरचा आकडासुद्धा तोच! ऑफिसात ओपनिंग आणि क्लोजिंग बॅलन्स असा दशांशाला सेम दिसला तर मी व्हाउचर मागवेन. मधल्या वर्षांत पोषण अभियान सुरू झालं, अॅप आलं, पोस्टरं लागली, आणि अंगणवाडी तर 2 ऑक्टोबर 1975 पासून आहे. देशाची सरासरी 19.3, आणि आपण 25.6. श्रीमंत राज्य आपलं.

आमच्याकडं कुपोषण म्हटलं की लोकांना मेळघाट आठवतं, नंदुरबार आठवतं, जुन्या माणसांना 92 सालचं जव्हारकडचं वावर-वांगणी. म्हणजे जंगल, डोंगर, आदिवासी, लांब कुठंतरी. तिथलं दुःख मोठंच आहे, पण त्याच्यामुळं एक सोय होते की आपल्या गल्लीतलं कुणाला दिसत नाही. आदिवासी भागात निदान अमृत आहार योजनेत मुलांना अंडी-केळी मिळतात. शहरातल्या वस्तीला अंगणवाडीतनं मिळतं घरी न्यायचं आहाराचं पाकीट, आणि पाकीट घरात आलं की ते सगळ्यांचं होतं. रोजच्या 500 उष्मांकाचा हिशेब आहे त्याच्यामागं, पण दोन पोरं, एक सासू आणि शिफ्टवरनं आलेला भुकेला माणूस, यात त्या पाचशेतले पोरीच्या वाट्याला किती येणार. सासू वाईट नव्हती हो. ती पण विड्याच करायची.

माझं सांगायचं तर माझ्या ऑफिसात आम्ही सहाच माणसं, बाळंतपणाची 26 आठवडे पगारी रजा कायद्यात आहे पण दहा माणसांच्या खालच्या ऑफिसाला तो कायदा लागूच होत नाही, त्यामुळं मी तीन महिने बिनपगारी राहिले आणि मग कामावर. पण माझी आई होती. ती माझ्या पोराच्या मागं वाटी-चमचा घेऊन तासतासभर फिरायची, हा चिऊचा घास, हा काऊचा, मोबाईलवर कार्टून, गच्चीवर नेऊन कावळा दाखव, खाली आणून कुत्रं दाखव. एका वाटी खिचडीला सव्वा तास. तो सव्वा तास कुणाच्या हिशेबात नव्हता. अक्काचा अर्धा तास पन्नास विड्यांचा होता आणि माझ्या आईचा सव्वा तास फुकट, एवढाच काय तो फरक दोन पोरांत, बाकी अक्कल-शिक्षण वगैरे नंतर.

अगदी एवढाच नाही, मान्य. पाण्याचा पण आहे. सोलापूरला उजनीचं पाणी येतं आणि धरण भरलेलं असो की रिकामं, तेव्हा नळाला यायचं चार-पाच दिवसांआड. आमच्या घरी टाकी, फिल्टर. त्यांच्या घरी दोन बॅरल आणि चार घागरी, आणि चौथ्या दिवशी बॅरलच्या तळाचं पाणी. वहीत हेही सापडलं मला, आधी लक्षात नव्हतं आलं. पावसाळ्याच्या पानांवर मधे मधे "रोख 200, दवाखाना", "रोख 300, दवाखाना". आप्पांकडनं उचललेले पैसे. पोराला जुलाब, सरकारी दवाखान्यात अर्धा दिवस जातो आणि अर्धा दिवस म्हणजे परत विड्या, म्हणून जवळच्या खाजगीत. आणि "रोख, दवाखाना"च्या खालच्या दोन आठवड्यांत डाळीची ओळच नाही. जुलाबानं पोर वाळतं ते वेगळं, आणि जुलाबाच्या बिलानं डाळ जाते ते वेगळं, म्हणजे पोर दोनदा वाळतं. वाळलेल्या पोराला परत जुलाब लवकर होतात. असं ते गोल गोल.

अजून एक ज्वारीचं. आजी सांगायची की 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायचे, तिथं सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेची लाल मिलो, तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना रडू यायचं. ज्वारी म्हणजे तेव्हा गरिबाचं धान्य. आता उलटं झालंय, ज्वारी गव्हाच्या वर गेली, डाएटवाले ती मागायला लागले, माझ्या साहेबांची बायको माझ्याकडनं मालदांडी मागवते. आणि जी वस्ती भाकरीवर वाढली तिला रेशनचा भात आणि गहू फुकट. फुकट आहे ते बरंच आहे, त्याला मी नावं ठेवत नाही, ते नसतं तर काय झालं असतं. पण पातळ डाळीचं पाणी घातलेला भात लहान पोराचं पोट भरतो, पोर भरत नाही. अक्काची मुलगी उपाशी नव्हती. हे मला फार उशिरा कळलं. पोट भरलेलं होतं तिचं, रडत पण नव्हती, शांत पोर आहे म्हणून गल्लीत कौतुक होतं. ताई म्हणाल्या ते शांतपण नाही, अंगात रडायला जोर नाही.

तिला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं ठरलं, तिथं आईसकट चौदा-पंधरा दिवस ठेवतात, खायला घालतात, औषधं, बुडालेल्या मजुरीचे थोडेफार पैसे पण देतात. अक्का नवव्या दिवशी परत आली. का, तर मोठा मुलगा घरी, नवऱ्याची नाईट, आणि जिथनं पान-तंबाखू आणायची त्या विडी कारखान्याच्या ब्रँचला इतके दिवस माल दिला नाही तर पान कमी करतील ही भीती. त्यांनी खरंच कमी केलं असतं का माहित नाही, भीती पुरते. ताई दुकानात बसून चिडल्या होत्या, एवढं करून हे असं, म्हणून. मी पण चिडले. आप्पा काही बोलले नाहीत, त्यांनी त्या दिवसापासून अक्काच्या पानावर शेंगदाणे पाव किलो लिहायला सुरुवात केली आणि रक्कम लिहायची सोडली. हे मला आत्ता, वही लिहिताना दिसलं, पाच-सहा वर्षांनी. "शेंगदाणे पाव", आणि पुढं रिकामं. मी ऑफिसच्या भाषेत विचारलं, आप्पा, या एंट्रीला अमाउंट नाही. तर म्हणे, बाईंडिंगमधे गेली असेल.

पण आप्पांना संत करायला मी हे लिहित नाही. दुकानाच्या दारात बघा काय लटकलंय. पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा, कुरकुरीत लाल-पिवळं, बरोबर तीन वर्षांच्या पोराच्या हाताला येईल अशा उंचीवर. त्या माळा तिथं मीच लावल्यात, अकरावीत असताना, सुट्टीत. दुसऱ्या दुकानात बघून आले आणि आप्पांना म्हटलं खाली लावा, पोरं ओढतात. विक्री वाढली होती. डाळीत आप्पांना किलोमागं दोन-तीन रुपये सुटायचे, या माळांमधे त्याच्या कितीतरी पट. माझी बी.कॉमची फी कुठल्या ओळीतनं आली ते मला वहीत शोधायची गरज नाही. लोकांना ज्ञान नाही म्हणायच्या वेळी हे आठवतं आणि तोंड बंद होतं.

आणि सुट्टं घेणाऱ्याला महाग पडतं तेही. पाव-पाव लिटरनं तेल घेतलं की महिन्याच्या शेवटी लिटरमागं दहा-पंधरा रुपये जास्त गेलेले असतात, माझा हिशेब आहे, आमच्याच वहीवरनं केलेला. हप्त्याचं व्याज वेगळं. ज्याच्याकडं कमी आहे त्यालाच सगळं जास्त भावानं, आणि मी त्या घरातली मुलगी ज्या घरानं तो भाव लावला. आप्पा म्हणतात उधारी बुडते त्याचं काय, ते पण खरं. सगळ्यांचंच खरं आहे, हाच तर वैताग आहे.

ती मुलगी आता शाळेत जाते. जगली, नीट आहे, चुणचुणीत आहे, पाढे पाठ आहेत. पण उंचीला माझ्या मुलाच्या खांद्याला येते, दोघं एकाच महिन्यातले. पोटातले नऊ महिने आणि पुढची दोन वर्षं मिळून जे हजार दिवस असतात त्यातलं राहून गेलेलं नंतर फारसं भरून येत नाही असं डॉक्टर म्हणतात. मधे ती दुकानात आली होती, काउंटरवरनं दिसत नव्हती, फक्त हात वर आला, हातात दहाची नोट. काय पाहिजे म्हटलं तर "पाचचं तेल, पाचची डाळ." माळेकडं बघत होती पण मागितलं नाही.

शेवटी यादी झाली. एकूण येणं 38 हजार आणि काही, त्यातलं निम्मं येणार नाही हे आप्पांना आधीच माहित होतं, मग मला तीन रविवार कशाला बसवलं कुणास ठाऊक. अक्काचे 1,140. तिला कुणीतरी सांगितलं असणार, परवा संध्याकाळी ती दोनशे रुपये घेऊन आली, बाकीचे संक्रांतीच्या गड्डा जत्रेआधी देते म्हणाली. मी वहीत जमा लिहून घेतले. ती पायरीवर उभीच राहिली. मग तेलुगू धाटणीच्या मराठीत आप्पांना म्हणाली, "आप्पा, दुकान बंद झाल्यावर पाच रुपयेचं तेल कोण देतंय आम्हाला?"

आप्पांनी काट्याचं ताट उगीच पुसलं. म्हणाले, "अजून माल हाय की, दिवाळीपर्यंत."